अनुग्रह आणि ऋण

सरकारी पत्रव्यवहारात ‘सानुग्रह अनुदान’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. पूर आला, दरड कोसळली, बॉम्बस्फोट झाला, दंगलीत माणसे मारली गेली, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मृतांच्या वारसांना सानुग्रह अनुदान जाहीर झाल्याची बातमी येते. शब्द संस्कृत आहे आणि त्याने आपला अर्थ दडवलेला नाही. अनुग्रह म्हणजे कृपा. गुरू शिष्यावर करतो, देव भक्तावर करतो, तो अनुग्रह. ज्याच्यावर तो होतो त्याने त्याची मागणी करायची नसते. झाला तर कृतज्ञ व्हायचे, न झाला तर आपले पुण्य तोकडे पडले असे समजायचे. ‘भरपाई’ हा शब्द मात्र बाजारातला, कीर्दखतावणीतला आहे. देणेकऱ्याने देणे चुकते केले आणि घेणेकऱ्याला ते पोचले, अशी त्यात कबुली आहे. गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाला राज्य जेव्हा काही रक्कम देते तेव्हा ती यांपैकी कोणत्या खात्यावर लिहायची, हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा आहे. पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. रक्कम मागणाऱ्याने मान खाली घालून उभे राहायचे की वर करून, हे त्यावरून ठरते.

अडचण अशी आहे की गुन्हा राज्याने केलेला नसतो. जेथे राज्यच अपराधी असते तेथे फारसे तत्त्वचिंतन लागत नाही. ‘रुदुल साह विरुद्ध बिहार राज्य’ या १९८३ सालच्या खटल्यात न्यायालयाने निर्दोष ठरवलेला एक मनुष्य त्यानंतर चौदा वर्षे तुरुंगातच राहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला, आधी दिलेल्या पाच हजारांखेरीज, तीस हजार रुपये देण्याचा आदेश राज्याला दिला. रक्कम किती अपुरी होती याबद्दल वाद घालता येईल, ती देणाऱ्याची ओळख मात्र निर्विवाद होती. आता दुसरे उदाहरण घेऊ. एखाद्याने वैमनस्यातून शेजाऱ्याचा खून केला. खुनी सापडला, किंवा सापडलाच नाही. मृताची विधवा आणि तिची मुले राज्याकडे वळतात. सरकारी तिजोरीतला पैसा म्हणजे तुमचा-माझा पैसा. ज्यांनी तो खून केला नाही, ज्यांना तो होणार हे ठाऊकही नव्हते, त्यांनी या कुटुंबाला काही देणे लागण्याचे कारण काय? दया हे एक उत्तर आहे, आणि ते हलके नाही. पण दया करणाऱ्याला ती न करण्याचीही मोकळीक असते.

जुन्या जगाला हा प्रश्न इतका अवघड वाटलेला दिसत नाही. हम्मुराबीच्या बॅबिलोनी संहितेत दरोडेखोर सापडला नाही तर लुटल्या गेलेल्या माणसाची हानी त्या नगराने आणि तेथील अधिकाऱ्याने भरून द्यावी, आणि माणूस मारला गेला असेल तर त्याच्या आप्तांना ठराविक वजनाची चांदी द्यावी, अशी तरतूद आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनीही चोरीला गेलेले द्रव्य चोरांकडून मिळवून धन्याला परत करावे असे राजाला सांगितले, आणि गौतमाने ते न मिळाल्यास राजाने आपल्या कोशातून द्यावे असा नियम घातला. याज्ञवल्क्य त्याही पुढे जातो. जो राजा ते देत नाही त्याला पाप लागते, असे तो बजावतो. यामागचा हिशेब सरळ आहे. राजा उत्पन्नाचा षड्भाग घेतो तो रक्षणाचे वेतन म्हणून. रक्षण झाले नाही तर वेतन घेणारा ऋणी राहतो. मराठेशाहीतल्या गावगाड्यातही हीच कल्पना लहान प्रमाणावर वावरत होती. गावात चोरी झाली की माग काढणे हे रामोशाचे, जागल्याचे काम असे, आणि तो माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन पोचवता आला नाही तर तोशीस राखणदारावर किंवा गावावर येत असे.

या जुन्या व्यवस्थेबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. आपस्तंबाने वैर शमवण्यासाठी द्यायच्या गाईंची संख्या सांगितली आहे ती क्षत्रियाच्या वधासाठी हजार, वैश्यासाठी शंभर आणि शूद्रासाठी दहा अशी उतरती आहे. मरणाचे मोल मरणाऱ्याच्या वर्णाने ठरत होते. आणि राजाने तिजोरीतून भरून द्यायचे ते मुख्यतः द्रव्य, माणसाचे मोडलेले शरीर किंवा मन नव्हे. आजच्या योजनांत हे नेमके उलटे झाले आहे. घरफोडीत गेलेल्या दागिन्यांबद्दल आजचे राज्य छदामही देत नाही. मृत्यू, अपंगत्व, भाजलेला चेहरा, लैंगिक अत्याचार यांबद्दल देते. आपण कशाचे रक्षक आहोत याविषयी राज्याची समजूत किती बदलली, हे त्याच्या कर्तव्यांच्या घोषणांपेक्षा या दोन याद्या शेजारी ठेवल्याने अधिक चांगले कळते.

या दोन काळांच्या मध्ये एक मोठी घटना घडून गेली, आणि ती घडल्याचे आपल्या लक्षातही राहिलेले नाही. गुन्हा राज्याने आपल्या मालकीचा करून घेतला. इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन कायद्यात अपराध्याला दोन रकमा भराव्या लागत. एक ज्याला दुखापत झाली त्याला किंवा त्याच्या कुळाला, आणि दुसरी राजाला. पुढे राजसत्ता बळकट होत गेली तशी दुसरी रक्कम वाढली आणि पहिली लोपली. त्याच कायद्याचे वारस असलेल्या आपल्या न्यायालयांत आजही खटल्याचे शीर्षक ‘राज्य विरुद्ध अमुक’ असे असते. ज्याचा हात तुटला तो त्या शीर्षकात कोठेच नसतो. तो साक्षीदार क्रमांक एक किंवा तीन असतो. वकील सरकारचा, दंड झाला तर तो सरकारजमा, आणि शिक्षा झाली तर तिचे समाधान समाजाचे. हे सारे अकारण झाले असे मी म्हणणार नाही. सूडाचा अधिकार माणसांच्या हातून काढून घेतला नसता तर कुळाकुळांतली वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालली असती, आणि दुर्बळाला तर सूडही घेता आला नसता. परंतु एखाद्याचे हत्यार काढून घेऊन त्याला दाराबाहेर उभे करणे आणि मग त्याच्या जखमेशी आपला संबंध नाही असे म्हणणे, हे न्यायाचे नाही. राज्याच्या ऋणाचा पहिला आधार मला येथे सापडतो. राज्याने त्याच्याकडून काही घेतले आहे.

यावर कोणी म्हणेल, मग गुन्हेगाराकडूनच वसूल करा. नीतीच्या दृष्टीने हे सर्वांत समाधानकारक उत्तर आहे. ज्याने मोडले त्याने भरावे. व्यवहारात त्याचे काय होते हे मार्जरी फ्राय या ब्रिटिश तुरुंगसुधारक विदुषीने १९५७ साली ‘ऑब्झर्व्हर’मधील एका लेखात दाखवून दिले. १९५१ साली मारहाणीत आंधळ्या झालेल्या एका माणसाला न्यायालयाने साडेअकरा हजार पौंडांची भरपाई मंजूर केली होती. हल्लेखोर दोघे होते, आणि त्यांच्या ऐपतीचा विचार करून प्रत्येकाने आठवड्याला पाच शिलिंग द्यावेत असे ठरले. म्हणजे दोघांचे मिळून अर्धा पौंड. तेवीस हजार आठवडे. शेवटचा हप्ता हाती घेण्यासाठी त्या आंधळ्या माणसाला आणखी ४४२ वर्षे जगावे लागले असते. न्यायालयाने काहीही चुकीचे केले नव्हते. अपराधी ओळखला गेला होता, भरपाईची रक्कम ठरली होती, हप्तेही बांधून दिले होते. सारे नियमानुसार होऊन जे निष्पन्न झाले त्याला निकाल म्हणावे की विनोद, हे ठरवणे कठीण आहे. फ्रायबाईंचे म्हणणे असे की कारखान्यात कामगाराचा हात गेला तर त्याचा भार समाज विम्याच्या मार्गाने उचलतो. गुन्हा हीही एकत्र राहण्यातली एक जोखीम आहे, आणि ती एकट्याच्या नशिबावर सोडू नये. १९५८ साली त्या वारल्या. न्यूझीलंडने १९६३ साली कायदा करून पुढच्या वर्षापासून अशी योजना सुरू केली, आणि १९६४ सालीच ब्रिटननेही ती स्वीकारली. मात्र ब्रिटनने ती कायद्याने दिली नाही. सरकारची कृपा म्हणूनच दिली. तिला कायद्याचे अधिष्ठान १९९५ साली मिळाले. आपल्या ‘सानुग्रह’ या शब्दाचे बिऱ्हाड कोठून आले असावे याचा अंदाज यावरून बांधता येतो.

भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७व्या कलमाने दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयांना दिला होता. तो क्वचितच वापरला जाई. २०१३ साली ‘अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला असे सांगावे लागले की भरपाई द्यावी की न द्यावी याचा विचार तरी प्रत्येक फौजदारी खटल्यात झालाच पाहिजे. त्याआधी २००८च्या दुरुस्तीने संहितेत ३५७-अ हे कलम आले आणि ३१ डिसेंबर २००९पासून अमलात आले. त्यानुसार प्रत्येक राज्याने केंद्राच्या समन्वयाने पीडितांसाठी योजना करायची आणि रक्कम किती ते विधी सेवा प्राधिकरणाने ठरवायचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६व्या कलमात, म्हणजे १ जुलै २०२४पासून, हीच तरतूद नव्या घरी राहावयास गेली आहे. तिचे चौथे उपकलम मला विशेष मोलाचे वाटते. गुन्हेगाराचा पत्ता लागला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडित कोण हे माहीत असेल तर त्याला भरपाईसाठी अर्ज करता येतो. दोष सिद्ध होणे आणि हानी मान्य होणे या दोन गोष्टी कायद्याने येथे एकमेकींपासून सोडवल्या आहेत. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला म्हणून तुझा हात तुटलाच नव्हता, असे राज्याला यापुढे म्हणता येणार नाही.

पण त्याच कलमाच्या पहिल्या उपकलमात दोन अटी शेजारी शेजारी बसल्या आहेत. भरपाई कोणासाठी? ज्यांना गुन्ह्यामुळे हानी किंवा इजा पोचली, आणि ज्यांना पुनर्वसनाची गरज आहे, त्यांच्यासाठी. पहिली अट ऋणाची भाषा बोलते, दुसरी दानाची. सावकाराचे देणे फेडताना त्याच्या घरी धान्य आहे की नाही हे कोणी पाहत नाही. भिक्षा घालताना पाहतात. कायदा करणाऱ्यांनी हा गोंधळ बुद्ध्या ठेवला की अनवधानाने, याची चिकित्सा कायदेपंडितांनी करावी. तिजोरी मर्यादित असताना गरजू आधी हा क्रम मला मान्य आहे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या कुटुंबाला पैसा मिळाला नाही तरी चालेल. पण हानी झाली आणि ती आमच्या राखणीत झाली, ही कबुली त्यालाही मिळाली पाहिजे. गरज पैशाचा आकडा ठरवू शकेल. ऋण आहे की नाही हे ती ठरवू शकत नाही.

आकड्याचा उल्लेख आला तेव्हा एका जुन्या आक्षेपाला सामोरे जावे लागते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ साली अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी तयार केलेल्या योजनेला एक अनुसूची जोडलेली आहे. मृत्यूसाठी पाच ते दहा लाख, बलात्कारासाठी चार ते सात लाख, आम्लहल्ल्याने चेहरा विद्रूप झाल्यास सात ते आठ लाख. ती वाचताना अंगावर शहारा येतो. ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, आणि ज्याला प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही, हा कांटने केलेला भेद आपल्याला पटलेला असतो, आणि येथे तर सरळ दरपत्रक दिसते. परंतु शहारा हा युक्तिवाद नव्हे. मोटार अपघाताच्या दाव्यांत मृताच्या उत्पन्नावरून भरपाई ठरते. तेथे मोठ्या पगारदाराचे मरण महाग आणि हमालाचे स्वस्त असते, आणि मिळकत नसलेल्या गृहिणीच्या कष्टांचे मोल किती यावर न्यायालयांना अनेक निकालपत्रे खर्ची घालावी लागली आहेत. गुन्ह्याच्या अनुसूचीत जात, पगार, शिक्षण यांचा रकाना रकमेच्या शेजारी नाही. आपस्तंबाच्या गाईंशी तुलना केली तर हे दरपत्रक चांगलेच समतावादी ठरते. आणि ती रक्कम चेहऱ्याची किंमत नव्हेच. शस्त्रक्रिया किती वेळा कराव्या लागतात, नोकरी किती काळ मिळत नाही, घरभाडे कोण भरणार, या प्रश्नांच्या अदमासाने काढलेला तो आकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लक्ष्मी प्रकरणात आम्लहल्ल्याच्या पीडितांना किमान तीन लाख आणि त्यांतील एक लाख पंधरा दिवसांत द्यावेत असे सांगितले, तेव्हा त्या पंधरा दिवसांचे महत्त्व तीन लाखांहून कमी नव्हते. भाजलेली त्वचा समितीच्या बैठकीची वाट पाहत नाही.

याहून अवघड प्रश्न पात्रतेचा आहे. कोणतीही भरपाईची योजना काढली की तिच्या दारात एक पहारेकरी आपोआप उभा राहतो, आणि तो विचारतो, तू खरोखर निष्पाप आहेस ना? ब्रिटनच्या योजनेत असा नियम होता की हल्लेखोर आणि पीडित एका छपराखाली कुटुंब म्हणून राहत असतील तर भरपाई मिळणार नाही. १९७९ साली तो पुढच्या गुन्ह्यांपुरता बदलला, पण त्यापूर्वी घरातच अत्याचार सोसलेल्या मुलांना तो २०१९पर्यंत आडवा येत राहिला. बापाने छळलेल्या लेकीला सांगण्यात आले की दोघे एकाच घरात राहत होता, सबब काही देता येत नाही. जणू ते घर तिने निवडले होते. आपल्याकडील अनेक राज्यांच्या योजनांत गुन्ह्याची वर्दी अठ्ठेचाळीस तासांत दिलेली असावी आणि अर्जदाराने पोलिसांना व सरकार पक्षाला सहकार्य केलेले असावे, अशा अटी आल्या. विलंब माफ करण्याची सोयही ठेवलेली असते, हे खरे. पण बलात्कारित मुलीच्या घरी पहिले अठ्ठेचाळीस तास कसे जातात याची ज्याला थोडीशीही कल्पना आहे तो असा आकडा कागदावर लिहिताना अडखळला असता. आणि सहकार्याची अट तर मूळ नात्यालाच उलटे करते. राज्य तुझे देणे लागते, पण तू राज्याची चांगली साक्षीदार असलीस तर.

येथेच एक खरी पेचाची जागा आहे, आणि मी तिचे सोपे उत्तर देणार नाही. भरपाई लवकर दिली तर बचावाचा वकील उलटतपासणीत विचारतो, तुला किती पैसे मिळाले? या एका प्रश्नाने फिर्याद पैशासाठी केलेली आहे असा संशय न्यायालयाच्या हवेत सोडता येतो. उशिरा दिली, निकालानंतर दिली, तर मधली चारसहा वर्षे ती कुटुंबे कशावर काढणार? तेवढ्या काळात गावातली वजनदार माणसे घरी येऊन बसतात, दोन लाख घे आणि जबाब फिरव म्हणतात. साक्ष फिरवणाऱ्यांना आपण फितूर म्हणतो. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरात त्या दिवशी चूल पेटायची होती याची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून तडजोडीच्या पैशाला शह देणारा पैसा वेळेवर पोचणे ही न्यायदानाचीच गरज आहे, असे माझे मत आहे. उलटतपासणीतल्या त्या प्रश्नाला तोंड देण्याचे काम न्यायाधीशाने करावे. त्याचा भुर्दंड उपासमारीच्या रूपाने पीडितेने भरू नये.

एक लहानशी गोष्ट नोंदवून ठेवतो. २०१८च्या त्याच योजनेत सामान्यतः मंजूर रकमेचा पंचाहत्तर टक्के भाग निदान तीन वर्षे मुदत ठेवीत ठेवायचा आणि पंचवीस टक्के हाती द्यायचा असे आहे. घरच्या माणसांनी पैसा उपटू नये म्हणून हे केले असणार, आणि ती भीती निराधार नाही. महाराष्ट्राने २०१३ साली अशाच पीडितांसाठी काढलेल्या योजनेचे नाव ‘मनोधैर्य’ आहे. प्रौढ स्त्रीला तिचेच देणे देताना, ते कसे वापरायचे ते तुला कळणार नाही असे सुचवणारी अट तिच्या मनोधैर्यात किती भर घालते, हे तिलाच विचारावे लागेल. ऋणकोने धनकोला खर्चाबद्दल उपदेश करावा, हे इतर कोणत्या व्यवहारात चालले असते?

राज्याचे ऋण कशातून निर्माण होते याबद्दल आतापर्यंत मी तर्काने बोललो. मुंबईपुरते त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी लिहून ठेवले आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये त्या शहरात झालेल्या दंगलींत नऊशे माणसे मेली आणि १६८ बेपत्ता झाली. कायदा व सुव्यवस्था राखण्यात आणि लोकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात राज्य अयशस्वी झाले, आणि म्हणून भरपाई मागण्याचा त्यांना हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. अनुग्रहाचा शब्द येथे मागे पडला. याज्ञवल्क्याने ज्याला पाप म्हटले होते त्यालाच संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा भंग असे नाव मिळाले. तीस वर्षे लागली, हेही त्याच निकालाने सांगितले आहे.

बेपत्ता झालेल्यांची गोष्ट त्यात सर्वांत कठीण होती. मेलेल्या माणसाच्या वारसाला पैसे मिळतात. बेपत्ता माणूस कायद्याने सात वर्षे जिवंत असतो. प्रेत सापडले असते तर त्याचा पंचनामा झाला असता, पंचनामा झाला असता तर दाखला मिळाला असता. ज्या अंदाधुंदीत माणूस नाहीसा झाला तीच अंदाधुंदी त्याच्या मरणाचा पुरावा नाहीसा करून गेली, आणि राज्य कुटुंबाकडे त्याच पुराव्याची मागणी करीत राहिले. १६८पैकी साठ जणांच्या कुटुंबांना पैसे मिळाले होते. राहिलेल्या १०८ जणांच्या वारसांना दोन लाख रुपये, २२ जानेवारी १९९९पासून दरसाल नऊ टक्के व्याजाने द्यावेत, असा आदेश झाला. सरळ व्याजाने मोजले तरी निकालाच्या दिवशी व्याजाची रक्कम मुद्दलाच्या दुपटीहून अधिक भरते.

तोवर त्यांतील पुष्कळांचे पत्ते बदलले होते. भरपाईच्या साऱ्या योजनांत पीडिताचे नाव ‘अर्जदार’ असते; त्याने यायचे, मागायचे, जोडपत्रे जोडायची. २०१४ साली हरियाणातील अपहरण आणि खुनाच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले होते की अर्ज आला नाही तरी अंतरिम मदतीची गरज आहे का, याची चौकशी न्यायालयांनी आपण होऊन करावी. मुंबईच्या निकालात राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. महसूल खात्याचा एक अधिकारी आणि पोलीस खात्याचा एक अधिकारी तिच्यात असावा असे ठरले. ज्यांचा माणूस तीस वर्षांपूर्वी शोधायचा राहिला होता, त्या कुटुंबांना आता शोधून काढायचे, हे तिचे काम होते.